अतिसंवाहक फितींची चौथी मर्यादा



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना वक्त्याने एकतर मानवी जीवनातील एखाद्या गहन प्रश्नाला हात घालावा, नाहीतर ज्यावर सभागृहात आधीच दोन तट पडले आहेत असा एखादा जुना वाद तरी पुन्हा उकरून काढावा, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. आणि तो मोडण्याची परवानगी व्याख्यानमालेच्या चालकांनी मला उदार मनाने दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी आज एका फितीविषयी बोलणार आहे. ही फीत चार मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाड असते, तिच्या दोन्ही अंगांना तांब्याचा थर असतो, आणि ती जर कोणी दुकानात आपल्यापुढे ठेवली तर ती नेमकी कशासाठी विकत घ्यावी हे आपणांपैकी फारच थोड्यांना उमगेल. परंतु द्रवरूप नायट्रोजनात, म्हणजे शून्याखाली १९६ अंश सेल्सिअसच्या थंडीत बुडवताच हीच फीत शंभराहून अधिक अँपियरचा विद्युत्प्रवाह किंचितही तापल्यावाचून वाहून नेते. तेवढ्याच छेदाच्या साध्या तांब्याच्या तारेवर तो भार टाकला, तर तार क्षणात वितळून तुटेल.

एवढे सामर्थ्य जिच्या अंगी आहे ती फीत हतबल होते कशाने? मीटरभर लांबीचा तुकडा घेऊन तो दोन्ही टोकांनी ओढावा आणि सातआठ मिलिमीटरने लांब करावा, एवढे तिला पुरते. डोळ्यांना ती पूर्वीसारखीच दिसते. तिच्यावर चीर नाही, वळी नाही, चमक उणावलेली नाही. पण तिचे सामर्थ्य बहुधा कायमचे गेलेले असते. ही तिची कैफियत सविस्तर मांडावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

अतिसंवाहकतेचा इतिहास आपणांपैकी पुष्कळांनी ऐकला असेल, म्हणून तो मी धावता सांगतो. हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओनेस या शास्त्रज्ञाने १९०८ साली हेलियम वायूचे द्रवात रूपांतर केले आणि १९११ साली त्या द्रवाच्या थंडीत, निरपेक्ष शून्याच्या वर केवळ ४.२ अंशांवर, पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा होतो असे त्याच्या प्रयोगशाळेत आढळून आले. ओनेस हा स्वप्नाळू असला तरी हिशेबी मनुष्य होता. दोनच वर्षांत त्याने अशा रोधहीन तारेची वेटोळी करून एक लाख गॉस, म्हणजे आजच्या परिभाषेत १० टेस्ला, एवढे चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्याची कल्पना मांडली. पण शिशाच्या तारेचे वेटोळे अवघ्या काहीशे गॉसांतच आपले तेज गमावून बसले, आणि ते स्वप्न पुढे जवळजवळ अर्धे शतक दप्तरात बांधून ठेवावे लागले. १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुन्झलर आणि त्याचे सहकारी यांनी नायोबियम आणि कथील यांचे संयुग ८.८ टेस्लाच्या क्षेत्रातही चौरस सेंटिमीटरमागे एक लाख अँपियर वाहून नेते असे दाखवले, तेव्हा ते दप्तर पुन्हा उघडले गेले.

या इतिहासातून पाठ्यपुस्तकांनी तीन मर्यादा उचलल्या आणि त्या आपल्या विद्यार्थ्यांना आजतागायत पाठ करावयास लावल्या: तापमान एका हद्दीपलीकडे वाढले की अतिसंवाहकता जाते, चुंबकीय क्षेत्र वाढले की जाते, आणि विद्युत्प्रवाह वाढला की जाते. हे खरे आहे. पण कारखान्यात बसून जो माणूस चुंबक बांधतो त्याला विचारा, रात्रीची झोप कशाने उडते? तो या तिघांपैकी एकाचेही नाव घेणार नाही. तो सांगेल, ताणाने. ताण ही चौथी मर्यादा आहे, आणि माझे आजचे प्रतिपादन असे की पहिल्या तीन मर्यादांवर विज्ञानाने जी मात केली तिचा उपभोग आपल्याला घेता येईल की नाही, याचा फैसला बव्हंशी या चौथीच्या हाती आहे.

ताणाने होणारा बदल शास्त्रज्ञ शेकडेवारीत मोजतात. मीटरभर लांबीची वस्तू चार मिलिमीटरने लांबली तर तिची विकृती ०.४ टक्के झाली, आणि तेवढीच आखडली तर उणे ०.४ टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो. पण आजच्या भाषणातले सारे नाट्य या टक्क्याच्या दशांश स्थळांत घडणार आहे, हे कृपा करून ध्यानात ठेवावे.

प्रथम त्या नायोबियम-कथलाच्या संयुगाकडे वळू, कारण ताणाचा अभ्यास खऱ्या अर्थाने त्याच्यापासून सुरू झाला. नायोबियम-टायटॅनियम हा दुसरा अतिसंवाहक मिश्रधातू ओढला तर लांबतो आणि वाकवला तर वाकतो, म्हणूनच आपल्या शहरांतील रुग्णालयांत एमआरआयची जी यंत्रे आहेत त्यांत बहुतेक त्याच्याच तारा आहेत. नायोबियम-कथलाचे संयुग मात्र काचेच्या जातीचे ठिसूळ आहे. त्याची तयार तार वेटोळ्यात गुंडाळू गेल्यास ती आतल्या आत फुटते. म्हणून कारागिरांनी एक युक्ती काढली: नायोबियम आणि कथील तारेत वेगवेगळे ठेवावयाचे, वेटोळे आधी गुंडाळून घ्यावयाचे, आणि मग ते सबंध वेटोळे भट्टीत सुमारे ६५० अंशांवर कित्येक दिवस भाजून त्या दोन धातूंचे संयुग जागच्या जागी घडवावयाचे.

येथे एक गंमत होते. भट्टीतून निघून हेलियमच्या थंडीत जाईपर्यंत तारेतील तांबे व कांसे त्या संयुगापेक्षा अधिक आखडतात आणि त्याला चहूकडून आवळून धरतात. अर्थात बाहेरून कोणी बोटही लावले नसताना ते संयुग दाबाखाली आलेले असते आणि त्याची प्रवाह वाहण्याची शक्ती घटलेली असते. आता ही तार हलकेच ओढली तर? प्रवाह कमी होण्याऐवजी वाढतो! ओढ वाढत जाते, आतला दाब हळूहळू फिटत जातो, आणि तो पुरता फिटला म्हणजे प्रवाह शिखरावर पोचतो. त्यापुढे ओढाल तर उतार लागतो, आणि आणखी पुढे गेल्यास संयुगाच्या सूक्ष्म तंतूंना तडे जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या बोल्डर येथील प्रयोगशाळेत जॅक एकिन या शास्त्रज्ञाने या चढउताराची बारकाईने मोजदाद केली आणि १९८० साली ताण व प्रवाह यांच्या नात्याचा एक नियम मांडला, जो पुढे सर्व चुंबकनिर्मात्यांच्या नित्य उपयोगाचा झाला. ज्या प्रश्नाकडे तोवर कारागिराची कटकट म्हणून पाहिले जात होते, त्याला या कामाने पदार्थविज्ञानाचे स्थान मिळवून दिले, असे मला वाटते.

याचा दाखला फार दूर शोधावयास नको. फ्रान्समधील कादाराश येथे आपल्या देशासह अनेक राष्ट्रांच्या भागीदारीत जो आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन-प्रकल्प उभा राहतो आहे, त्याच्या मध्यवर्ती चुंबकासाठी केलेल्या केबलचे नमुने स्वित्झर्लंडमधील विलिगेन येथे तपासणीला गेले, तेव्हा एक चिंताजनक गोष्ट दिसून आली. दर वेळी प्रवाह सोडला की चुंबकीय बलाने केबलमधील शेकडो तारा एकमेकींवर दाबल्या जात, किंचित वाकत, प्रवाह बंद केला की सुटत. आणि असे हजारो वेळा घडले म्हणजे केबलची क्षमता थोडीथोडी उतरत जाई. एक आघात सोसणे निराळे आणि तोच आघात हजारदा सोसणे निराळे. उपाय निघाला तो केबलच्या पिळात: तारांना अधिक आखूड पिळाने वळले म्हणजे त्या एकमेकींना जवळून आधार देतात, अंग वाकवावयास त्यांना जागाच उरत नाही, आणि घसरण जवळजवळ थांबते. अब्जावधींच्या प्रकल्पाची एक मोठी चिंता दोरी वळणाऱ्याच्या विद्येने दूर केली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता मूळ फितीकडे येऊ. १९८६ साली झुरिकजवळ बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांच्या एका कुलात निरपेक्ष शून्याच्या वर ३० अंशांच्या आसपास अतिसंवाहकता दाखवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चू आणि वू यांच्या गटांनी इट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांच्या संयुगात ती ९० अंशांपलीकडे नेली, आणि महागड्या हेलियमच्या जागी स्वस्त नायट्रोजन वापरता येण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळचा उत्साह आठवणारे काही श्रोते येथे असतील. दहा वर्षांत रोधहीन विजेच्या तारा गावोगाव पोचतील असे तेव्हा छापले जात होते. त्या तारा का पोचल्या नाहीत?

कारण हा पदार्थ म्हणजे मातीच्या भांड्यांच्या कुळातला, भाजून कडक झालेला सिरॅमिक. आणि त्यातही असा मानी की त्याचे स्फटिककण एकमेकांशी पाचदहा अंशांनी जरी तिरपे बसले तरी त्यांच्या सीमेवर प्रवाह अडतो. तेव्हा किलोमीटरभर लांबीत सारे कण एका दिशेने तोंड करून बसवणे, आणि तेही अशा आधारावर की जो रिळावर गुंडाळता येईल, असे हे दुहेरी संकट होते. त्यातून निघालेली फीत अशी: तळाशी निकेलच्या एका कणखर मिश्रधातूची, हॅस्टेलॉयची, ३० ते ५० मायक्रॉन जाडीची पट्टी, तिच्यावर कणांना शिस्त लावणारे काही अतिशय पातळ ऑक्साइडांचे थर, त्यांवर अतिसंवाहकाचा अवघा एकदोन मायक्रॉनांचा थर, त्यावर चांदीचा पातळ थर, आणि सर्वांभोवती तांबे. फितीच्या जाडीपैकी जेमतेम दोनएक टक्के भाग कामाचा, बाकीचा सारा लवाजमा त्याच्या बंदोबस्तासाठी. लवाजमा मजबूत आहे. हॅस्टेलॉयच्या जोरावर ही फीत तिच्या लांबीच्या दिशेने चौरस मिलिमीटरमागे सहाशे न्यूटनांहून अधिक ओढ सहन करते, आणि ही पुष्कळ पोलादांना लाजवील अशी ताकद आहे. परंतु पट्टी लांबली की तिला चिकटलेल्या सिरॅमिकलाही निमूटपणे लांबावे लागते, आणि त्याची सहनशक्ती फितीच्या घडणीनुसार ०.४ ते ०.७ टक्क्यांच्या दरम्यान केव्हातरी संपते.

येथे मला एक भेद आपल्या मनावर ठसवावयाचा आहे, कारण या विषयावरील निम्मे गैरसमज तो न पाळल्याने होतात. ताणाची इजा दोन प्रकारची आहे. पहिल्या प्रकारात ताण असेपर्यंत प्रवाह घटतो आणि ताण सोडला की पूर्ववत होतो. दुसऱ्यात तो घटतो तो घटतोच. पहिली इजा स्फटिकाच्या स्वभावातून येते, दुसरी तड्यातून.

पहिलीची कथा विलक्षण आहे. २००७ साली फान डर लान आणि एकिन यांनी याच फितींवर प्रयोग करून असे दाखवले की फीत एक टक्का दाबली तर तिची प्रवाह वाहण्याची क्षमता तब्बल ४० टक्क्यांनी घटते, आणि दाब काढला की ती सारीच्या सारी परत येते. आणखी नवल असे की ओढली काय आणि दाबली काय, घट दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात दिसते. हे कसे? या स्फटिकाच्या पातळीतील दोन अक्ष स्वभावाने एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एका अक्षावर दाब दिला तर अतिसंवाहकतेचे तापमान उतरते, दुसऱ्यावर दिला तर चढते. फितीत दोन्ही अक्षांचे कण शेजारीशेजारी मिसळलेले असतात, त्यामुळे ओढ असो वा दाब, दोहोंपैकी एका कुळाचे नुकसान ठरलेले, आणि प्रवाहाला त्या दुबळ्या कुळातूनही वाट काढावी लागते. मग ताण दोन्ही अक्षांना सारखाच बसेल अशा ४५ अंशांच्या दिशेने तो दिला तर? २०११ साली तसे करून पाहिले गेले, आणि प्रवाहावरचा परिणाम जवळजवळ नाहीसाच झाला! म्हणजे किती ओढले एवढेच विचारून भागत नाही, कोणत्या दिशेने ओढले तेही विचारावे लागते. सैद्धांतिक पदार्थविज्ञानाने कारखानदाराला इतक्या सरळपणे हात दिल्याची उदाहरणे थोडीच असतील.

दुसऱ्या प्रकारच्या इजेला सिद्धांताची फारशी गरज नाही. सिरॅमिकला तडा गेला, प्रवाहाची वाट तुटली, संपले. मात्र ती हद्द नेमकी कोठे आहे हे ठरवण्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे. फितीचा तुकडा द्रव नायट्रोजनात किंवा हेलियममध्ये ठेवून थोडा ओढतात आणि सेंटिमीटरमागे एक मायक्रोव्होल्ट विद्युत्‌दाब दिसू लागेपर्यंत प्रवाह चढवून त्याची नोंद करतात. मग ओढ सैल करून पुन्हा मोजतात. पुन्हा थोडे अधिक ओढतात, पुन्हा सैल करतात. ज्या ओढीनंतर सैल केल्यावरही प्रवाह पुरता परत येत नाही, ती अनावर्ती विकृतीची हद्द. काम कंटाळवाणे आहे, हात बधिर करणारे आहे, आणि यातून कोणाला नोबेल पारितोषिक मिळाल्याचे ऐकिवात नाही. पण चुंबकाचा आराखडा करणारा अभियंता या एका आकड्याच्या जामिनावर पुढचे सारे उभारतो.

आता आपण विचाराल, या फितीला ओढावयास जाते तरी कोण? तिघेजण जातात. पहिला, ती गुंडाळणारा कारागीर. फीत वाकवली म्हणजे तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. ५० मायक्रॉनांच्या पट्टीवरचा सिरॅमिकचा थर मध्यापासून सुमारे २५ मायक्रॉनांवर असतो, आणि अशी फीत पाच मिलिमीटर व्यासाच्या गाभ्यावर गुंडाळली तर त्या थराला साधारण एक टक्क्याची विकृती होते. थर बाहेरच्या अंगाला ठेवला तर तो फुटेल. आतल्या अंगाला ठेवला तर दाबाखाली येऊन वाचेल, कारण हा पदार्थ दाब सोसतो आणि ओढ सोसत नाही. अशाच फिती बारीक गाभ्यावर पिळून त्यांची गोल केबल करण्याची जी पद्धत फान डर लानने पुढे रूढ केली, ती या एका निरीक्षणावर उभी आहे.

दुसरा शत्रू थंडी. प्रत्येक पदार्थ गारठ्यात आपापल्या मानाने आखडतो. खोलीच्या तापमानापासून हेलियमच्या थंडीपर्यंत हॅस्टेलॉय सुमारे पाव टक्का, तांबे ०.३ टक्क्यांहून थोडे अधिक, आणि वेटोळी घट्ट करण्यासाठी ओततात ती इपॉक्सी राळ एक टक्क्याहूनही अधिक. एकाच घरात राहणाऱ्यांचे स्वभाव इतके निराळे असले म्हणजे काय व्हावयाचे ते होते.

तिसरा शत्रू सर्वांत बलिष्ठ, आणि तो म्हणजे स्वतः चुंबक. चुंबकीय क्षेत्रात प्रवाह वाहणाऱ्या तारेवर बल येते हे आपण शाळेत शिकलो. २० टेस्लाच्या क्षेत्राचा दाब सुमारे १६० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सोळाशे पट असतो. अशा क्षेत्रात दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वेढ्यातून चौरस मिलिमीटरमागे ३०० अँपियर नेले, तर त्या वेढ्याला परिघाच्या दिशेने चौरस मिलिमीटरमागे ६०० न्यूटनांची ओढ लागते. गुणाकार सरळ आहे, घरी करून पाहावा. म्हणजे आत्ताच सांगितलेली फितीची सारी ताकद तेथे खर्ची पडली! क्षेत्र दुप्पट हवे तर दाब चौपट होतो. अतिसंवाहक पुढे जावयास तयार आहे, तापमान आड येत नाही, क्षेत्र आड येत नाही. आड येते ती त्या क्षेत्रानेच निर्माण केलेली ओढ.

इथवर मी फक्त लांबीच्या दिशेच्या ओढीविषयी बोललो. खरा दगा मात्र जाडीच्या दिशेने होतो. भिंतीचा गिलावा भिंतीच्या अंगासरशी कितीही रेटला तरी हलत नाही, पण एका कडेखाली नख शिरले की पोपडाच्या पोपडा हातात येतो. या फितीच्या थरांचे तसेच आहे. लांबीच्या दिशेने शेकडो मेगापास्कल सोसणारी ही फीत पृष्ठभागाशी काटकोनात ओढली तर बहुधा काही दहा मेगापास्कलांतच तिचे पदर सुटू लागतात, आणि एका कडेपासून सोलल्यासारखी ओढ लागली तर २०११ साली जपानी संशोधकांनी मोजलेला आकडा होता अवघा अर्धा मेगापास्कल. एका अंगाने सिंह आणि दुसऱ्या अंगाने ससा, अशी ही वस्तू आहे.

याची प्रचिती जपानमध्येच त्याआधी येऊन गेली होती. दुहेरी चकतीसारखे एक वेटोळे तेथे शिरस्त्याप्रमाणे इपॉक्सी राळ ओतून घट्ट केले गेले. पिढ्यानुपिढ्या नायोबियमची वेटोळी अशीच घट्ट केली जात होती, आणि त्यात शंका घेण्यासारखे कोणाला काही दिसत नव्हते. वेटोळे थंड केले, आणि ज्या फितीने सुट्या तुकड्यात उत्तम प्रवाह वाहिला होता तिनेच येथे मान टाकली. राळ आखडली होती, तिने फितीला बाजूने ओढले होते, आणि पदर सुटले होते. मग इपॉक्सीऐवजी त्यांनी काय वापरले? पॅराफिनचे मेण. मेण दुबळे असते. थंडीत ते स्वतःच तडकते आणि फितीला ओढण्याइतका जोर त्याच्यात उरत नाही. त्या वेटोळ्याला काही झाले नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक पक्की समजूत उलटी केली: जो बांधणारा अधिक घट्ट तोच अधिक चांगला, असे या फितीच्या बाबतीत मानता येत नाही.

आणि आता या साऱ्या कैफियतीतील सर्वांत नामांकित प्रकरण. अमेरिकेत फ्लोरिडातील टॅलाहासी येथील राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळेत सेउंगयोंग हान आणि त्याचे सहकारी यांनी ३० मायक्रॉनांच्या पातळ पट्टीवरील फितीचे, वजनाने अर्ध्या किलोच्या आतले, वेढ्यांमध्ये मुळीच विद्युत्‌निरोधक न घातलेले एक छोटेसे वेटोळे तयार केले. ३१.१ टेस्लाच्या एका अवाढव्य साध्या चुंबकाच्या पोटात ते ठेवून त्यांनी त्यातून चौरस मिलिमीटरमागे बाराशे अँपियरांहून अधिक प्रवाह नेला, आणि वेटोळ्याने आपल्या पदरचे १४.४ टेस्ला त्यात घातले. एकूण ४५.५ टेस्ला! अखंड टिकणाऱ्या क्षेत्राचा त्यापूर्वीचा ४५ टेस्लाचा उच्चांक कित्येक टन वजनाच्या यंत्राच्या नावावर होता. २०१९ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर टाळ्या पडल्या, आणि त्या योग्यच होत्या.

पण मला त्या प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. वेटोळे उलगडून फीत तपासली तेव्हा तिच्यावर ठिकठिकाणी कायमचे नुकसान आढळले, आणि ते फितीच्या कडेला होते. असे का व्हावे? फीत रुंद असते. बाहेरचे क्षेत्र तिच्या रुंदीतून आत शिरू पाहते, आणि अतिसंवाहक स्वभावाप्रमाणे आपल्याच अंगात विरोधी प्रवाह सुरू करून त्याला अडवतो. हे प्रवाह एका कडेने जातात आणि दुसऱ्या कडेने परततात, त्यामुळे एका कडेवरची ओढ सरासरीहून पुष्कळ वाढते आणि दुसरीवरची घटते; फीत जणू पिळवटली जाते. कागदावरच्या सरळ हिशेबाने जेथे सर्व काही हद्दीत होते, तेथे प्रत्यक्षात एक कड हद्दीबाहेर गेली होती. त्यात भर म्हणजे या फिती १२ मिलिमीटर रुंदीच्या तयार करून मग यंत्राने कापून अरुंद करतात, आणि कापलेल्या कडेवर पात्याने आधीच सूक्ष्म तडे पाडून ठेवलेले असतात. अधिक ओढलेली कड आणि कापलेली कड यांची जेथे गाठ पडली, तेथे चीर आत सरकली. कापलेली कड चुंबकाच्या मध्याकडे वळवून ठेवली असता इजा टळते असेही त्याच तपासणीतून उमगले. उच्चांकाचा आकडा उद्या कोणी मोडील, पण कड कोणत्या बाजूला ठेवावी हे ज्ञान राहील.

उपायांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेक आता आपल्याला सुचलेच असतील. बिस्मथच्या जातीची, चांदीच्या वेष्टनातली जी जुनी फीत आहे तिच्यावर जपानी कारखानदार निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या आधी ताणून मग डाखतात. ओढ सुटली की त्या पट्ट्या आखडतात आणि सिरॅमिकला दाबाखाली ठेवतात, म्हणजे पुढे येणाऱ्या ओढीला आधी तो दाब फेडावा लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२१ सालच्या सप्टेंबरात जो मोठा संमीलन-चुंबक २० टेस्लापर्यंत नेण्यात आला, त्यात सुमारे २६७ किलोमीटर फीत पोलादी तबकांच्या खाचांत बसवून डाखाने बांधली होती. अर्थात तेथे बळ झेलण्याचे काम पोलादाकडे दिले होते आणि फितीकडे फक्त प्रवाहाचे. खाते वाटून दिले की कारभार चालतो, हे पेशव्यांच्या काळापासून आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडचे काय, असे कोणी विचारील. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत अतिसंवाहक चुंबकांचे यंत्र उभे आहे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नायोबियम-टायटॅनियमच्या केबलवर काम झाले आहे, आणि मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९९४ साली इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगांत अतिसंवाहकता दाखवून जगाच्या यादीत एक नवे कुल घातले. म्हणजे नवा पदार्थ शोधण्याचा मान आपण मिळवला आहे. पण पदार्थाची फीत करणे, ती ओढून पाहणे, वाकवणे, हजार वेळा थंड-गरम करणे, कोठे फुटली ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधणे, हे काम मुख्यतः यंत्रशास्त्राचे, धातुशास्त्राचे आणि कापड गिरणीत ज्याला ताण सांभाळणे म्हणतात त्या कसबाचे आहे. आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून या शाखांचे जे शेकडो तरुण दरवर्षी बाहेर पडतात, त्यांपैकी किती जणांना अतिसंवाहकता हा आपल्याही विषयाचा भाग आहे असे कोणी सांगितलेले असते? तेथे ती पदार्थविज्ञानाच्या खोलीत कुलूपबंद असते. त्या खोलीची किल्ली या मुलांकडे द्यावी, अशी माझी येथे बसलेल्या प्राध्यापक मंडळींना आग्रहाची विनंती आहे. ओढ देणारे एक साधे यंत्र, द्रव नायट्रोजनाचे एक भांडे आणि दोनचार मीटर फीत एवढ्यावर पहिला प्रयोग होऊ शकतो. त्यासाठी फार मोठ्या अनुदानाची वाट पाहावयास नको.

इतर श्रोत्यांना एकच विनंती. २०२३ सालच्या जुलैत दक्षिण कोरियातून खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या अतिसंवाहकाचे वृत्त आले, जगभर गाजले, आणि काही आठवड्यांतच ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी ते खोटे ठरवले. असे वृत्त पुन्हा येईल, आणि एखादे दिवशी ते खरेही असेल. त्या दिवशी तापमानाचा आकडा वाचून झाल्यावर आणखी दोन गोष्टी अवश्य विचारा: या पदार्थाची किलोमीटरभर तार कोणी केली आहे काय, आणि ती किती टक्के ओढली तर कायमची बिघडते? या दोहोंची उत्तरे हाती येईपर्यंत चुंबक बांधणारा माणूस आपली जुनी फीत टाकून देणार नाही.